न दिसणाऱ्या उजेडाचा पेन

टीव्हीचा बंद पडलेला रिमोट, जुन्या माऊसमधलं एक बटण, एक बारीक पेन्सिल सेल आणि शाई संपलेला जाड मार्कर. जिंतूरकडच्या डोंगरातल्या वाडीपासून गोदाकाठच्या गंगाखेड-सोनपेठपर्यंत परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात या चार वस्तू गोळा करायला शाळकरी लेकरांना एक दुपार पुरते. त्या नीट जोडल्या की एक पेन तयार होतो. त्याच्या टोकाला दिवा असतो, पण पेटलेला असूनही तो डोळ्यांना दिसत नाही. हा पेन प्रोजेक्टरने भिंतीवर टाकलेल्या चित्रावर टेकवून बटण दाबलं, की समोर ठेवलेल्या कॅमेऱ्याला तो उजेड दिसतो आणि संगणक त्या जागी माऊस दाबल्यासारखा वागतो. पेन फिरवला तर भिंतीवर रेघ उमटते. साध्या भिंतीचा असा लिहिता-पुसता येणारा डिजिटल फळा होतो.

आज हा पेन विकतही मिळतो. तरी तो शाळेतच, मुलांच्या हातून तयार व्हावा असं मला मनापासून वाटतं. त्यात पैसे वाचतात, पण खरं कारण वेगळं आहे. शाळेत आलेलं यंत्र तिथे किती वर्षं चालेल, हे ते उघडून दुरुस्त करणारं माणूस गावात आहे का यावर ठरतं. हा पेन करताना तसं माणूस तयार होतं, आणि ते सातवी-आठवीतलं असतं.

लोकवर्गणीतून आलेले फळे

महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद शाळांत डिजिटल वर्गांची लाट आली ती गेल्या दशकात. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाडा या आदिवासी पाड्यावर संदीप गुंड या शिक्षकाने सौरऊर्जेवर चालणारी डिजिटल शाळा उभी केली आणि तिचं नाव राज्यभर पोहोचलं. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला. गावोगाव लोकवर्गणी जमा झाली. कुणी धान्य विकून पैसे दिले, कुणी लग्नाचा खर्च आखडून प्रोजेक्टर दिला, तर माजी विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन संगणक घेतला. परभणी जिल्ह्यातल्या गावांनीही यात आपला वाटा उचलला. २०२० मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं, तेव्हा जिल्हा परिषदेचा शिक्षक तंत्रज्ञानात कुठवर जाऊ शकतो हे जगानेही पाहिलं.

लोकवर्गणीतून आलेल्या वस्तूवर गावाचा जीव असतो, म्हणून ती बंद पडली की मनाला लागते. परस्परसंवादी फळ्याच्या संचात सर्वांत आधी दगा देतो तो पेन. तो हातातून पडतो, टोक मोडतं, सेल आत गळून पितळी पट्टी गंजते किंवा पेन हरवतोच. प्रोजेक्टर चांगला असतो, संगणक चालू असतो, भिंतही जागेवर असते. पण पेन नसल्यामुळे तो फळा नुसता पडदा होऊन बसतो. मुलं समोर बसून व्हिडिओ पाहतात. भिंतीपाशी जाऊन कोन ओढणं, नकाशावर गोदावरीला मिळणारी नदी दाखवणं, शब्द ओढून चित्राखाली ठेवणं, हे सगळं थांबतं. पेन दुरुस्तीला पाठवायचा तर तो संभाजीनगरला किंवा पुण्याला जाणार, म्हणजे महिनाभर तरी गेलाच.

पिट्सबर्गमधल्या एका विद्यार्थ्याची युक्ती

असे फळे आधी किती महाग होते आणि ते स्वस्तात कसे जमू लागले, हे कळायला थोडं मागे जावं लागेल. स्पर्श ओळखणारा पहिला व्यावसायिक ‘स्मार्ट बोर्ड’ कॅनडातल्या एका कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणला. पुढची पंधरा-सोळा वर्षं असा फळा हजार डॉलरच्या पुढेच विकला जात होता. डिसेंबर २००७ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या जॉनी चुंग ली या विद्यार्थ्याने इंटरनेटवर एक छोटा व्हिडिओ टाकला. त्याने निन्टेन्डो कंपनीच्या ‘वी’ या खेळयंत्राचा रिमोट घेतला होता. हा रिमोट तेव्हा साधारण चाळीस डॉलरला मिळायचा. त्याच्या पुढच्या टोकाला फक्त अवरक्त, म्हणजे आपल्या डोळ्यांना न दिसणारा, उजेड पाहणारा छोटा कॅमेरा आहे. एका वेळी चार ठिपक्यांचा माग तो सेकंदाला शंभर वेळा काढतो आणि प्रत्येक ठिपक्याची जागा १०२४ बाय ७६८ च्या जाळीत मोजून ब्लूटूथने पाठवतो.

खेळताना टीव्हीपाशी ठेवलेले अवरक्त दिवे स्थिर असतात आणि हातातला रिमोट हलतो. लीने हे उलटं केलं. रिमोट एका जागी स्थिर ठेवला आणि दिवा हातात घेतला. मार्करच्या नळीत एक एलईडी, एक बटण, एक सेल, एवढाच त्याचा पेन होता. सोबत लागणारी संगणकप्रणाली त्याने फुकट दिली आणि पेन कसा करायचा हेही सगळ्यांना उघडपणे दाखवलं. २००८ च्या फेब्रुवारीत त्याने ‘टेड’ परिषदेच्या व्यासपीठावर हा फळा लोकांसमोर लावून दाखवला. महागड्या फळ्याची बहुतेक कामं त्याच्या किमतीच्या अगदी छोट्या हिश्श्यात होतात, हे ऐकून जगभरचे शिक्षक सोल्डरिंगची बंदूक हातात घेऊन बसले. ली पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये ‘किनेक्ट’ या हालचाल ओळखणाऱ्या यंत्रावर काम करायला गेला. ही युक्ती मात्र त्याने सगळ्यांना खुली करून ठेवली होती, आणि ती आपल्यापर्यंत पोहोचली ती त्यामुळेच.

पेनची जोडणी

आता प्रत्यक्ष पेनाकडे येऊ. रिमोटच्या पुढच्या टोकाला लहानसा पारदर्शक किंवा निळसर दिवा असतो. तोच अवरक्त एलईडी. त्याचा उजेड साधारण ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा. आपल्या डोळ्यांची मर्यादा सातशेच्या आसपास संपते, म्हणून तो आपल्याला दिसत नाही. रिमोट उघडायचा, सर्किटच्या पट्टीवरचा डाख वितळवायचा आणि एलईडी अलगद सोडवून घ्यायचा. अख्खा रिमोटच पेन म्हणून वापरून चालत नाही, कारण त्याचा दिवा सेकंदाला अडतीस हजारांच्या आसपास वेगाने आणि तोही तुटक-तुटक लुकलुकतो. आपल्याला सलग पेटणारा ठिपका हवा असतो.

नव्या एलईडीचा लांब पाय धन आणि आखूड पाय ऋण. रिमोटमधून काढलेल्याचे पाय आधीच कापलेले असतात. अशा वेळी बुडाच्या गोल कडेवर बोट फिरवावं. एका बाजूला ती कड सपाट लागते. त्या बाजूचा पाय ऋण. उलटा जोडला तर एका सेलवर तो बिघडत नाही, फक्त पेटत नाही. पेटला की नाही हे बघायला मोबाईलचा कॅमेरा उघडावा. मागच्या कॅमेऱ्यात अवरक्त गाळणारी काच बहुधा पक्की असते, म्हणून सेल्फीचा कॅमेरा घ्यावा. बटण दाबताच पडद्यावर जांभळट-पांढरा ठिपका चमकतो. डोळ्यांनी पाहावं तर एलईडी अगदी थंड दिसतो! आपल्याला दिसतं त्यापलीकडेही उजेड आहे, ही गोष्ट मुलांना इतक्या थेट दुसऱ्या कशातून क्वचितच भेटते.

अवरक्त एलईडीला पेटायला १.२ ते १.४ व्होल्ट लागतात आणि सेल १.५ देतो. म्हणून एकाच सेलवर काम भागतं आणि मधे रोधक नसला तरी चालतं. पांढऱ्या किंवा निळ्या एलईडीला तीनच्या आसपास व्होल्ट लागतात, त्यामुळे तो एका सेलवर पेटतच नाही. उजेड वाढवायला दोन सेल घेतले तर मात्र रोधक हवाच. तीन व्होल्टमधून १.३५ वजा केले की १.६५ उरतात. प्रवाह ५० मिलिअँपिअर हवा असेल तर १.६५ भागिले ०.०५, म्हणजे ३३ ओहमचा रोधक. नववीच्या पुस्तकातला ओहमचा नियम इथे परीक्षेसाठी लागत नाही. तो चुकला तर दिवा जळतो, बरोबर आला तर फळा चालतो.

बटण म्हणजे दाबून धरलं तेवढाच वेळ चालू राहणारं. बिघडलेल्या माऊसच्या उजव्या बटणाखालचा छोटा स्विच यासाठी उत्तम. डाव्यापेक्षा तो कमी झिजलेला असतो. पेनाच्या बाजूला, अंगठा सहज पडेल तिथे तो बसवावा. हात बसला की पुढची पायरी घेता येते. एलईडी एका छोट्या सरकत्या नळीत ठेवून तिच्या मागे स्विच बसवायचा, म्हणजे टोक भिंतीवर टेकताच तो आपोआप दाबला जातो आणि पहिलीतलं मूलही खडूसारखं लिहू शकतं.

एक बारकावा पेन केल्यावरच लक्षात येतो. एलईडीचं टोक गोल भिंगासारखं असल्यामुळे उजेड सरळ पुढे जातो. पेन भिंतीला टेकवला की हा उजेड भिंतीवर पडतो, आणि लिहिणाऱ्याच्या मागे ठेवलेल्या कॅमेऱ्याला फार थोडा मिळतो. म्हणून टोकावर पॉलिश पेपर हलकेच घासून ते खरखरीत करावं. उजेड चहूकडे पसरतो आणि रेघ तुटत नाही. पेटलेला एलईडी डोळ्याजवळ धरून आत पाहायचं नाही, ही शिस्त मात्र पहिल्या दिवसापासून लावावी. उजेड दिसत नसल्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही.

नवे भाग विकत घेतले तरी या पेनाचा खर्च पन्नास रुपयांच्या आत राहतो.

पाहणारा डोळा

पेन अर्धं काम करतो, उरलेलं अर्धं कॅमेरा. वीचा रिमोट जुन्या मालात मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला तर जुना वेबकॅम घ्यावा. त्याच्या भिंगामागे एक चिमुकली काच असते, तिरपी धरली की लालसर-निळसर छटा दाखवणारी. ती अवरक्त उजेड अडवते. ती काढून टाकायची आणि तिच्या जागी जुन्या फिल्म रोलच्या पूर्ण काळ्या पडलेल्या टोकाचा तुकडा लावायचा. हा तुकडा दिसणारा उजेड अडवतो आणि अवरक्त जाऊ देतो. वर्गातली मुलं, प्रोजेक्टरचं रंगीत चित्र, सगळं त्या कॅमेऱ्यासाठी अंधारात जातं. उरतो तो पेनाचा एक तेजस्वी ठिपका. पुढे पायथॉन भाषेतला मोजक्या ओळींचा प्रोग्रॅम प्रत्येक चित्रात सर्वांत उजळ जागा शोधतो आणि माऊस तिकडे नेतो. वेबकॅम सेकंदाला तीसच्या आसपास चित्रं घेतो, म्हणून भराभर लिहिलं की अक्षर थोडं मागे रेंगाळतं. गणिताच्या तासाला तेवढ्याने काही बिघडत नाही.

कॅमेरा कुठे ठेवायचा, हे पुस्तकात वाचून ठरत नाही. लिहिणाऱ्याचं अंग किंवा हात मधे आला की ठिपका हरवतो. म्हणून कॅमेरा फळ्याच्या अगदी समोर न ठेवता एका बाजूला तिरका ठेवावा, डावीकडून आणि उजवीकडून करून पाहावा आणि जिथून रेघ सर्वांत कमी तुटते तिथे भिंतीत खिळा ठोकून पक्का करावा.

चार कोपरे, आठ समीकरणं

कॅमेरा तिरका असल्यामुळे त्याला भिंतीवरचा आयत वेडावाकडा चौकोन म्हणून दिसतो. मग पेन नेमका कुठे आहे, हे संगणकाला कसं कळावं? त्यासाठी सुरुवातीला पडद्याच्या चार कोपऱ्यांत चार खुणा येतात आणि त्यांवर पेन एकेकदा टेकवायचा. त्या वेड्यावाकड्या चौकोनाला सरळ आयतावर नेणाऱ्या सूत्रात आठ अज्ञात संख्या असतात. प्रत्येक खूण दोन समीकरणं देते, एक आडव्या अंतराचं, एक उभ्या अंतराचं. चार खुणांची आठ समीकरणं, आठ अज्ञात. उत्तर पक्कं मिळतं. खुणा तीनच असत्या तर उत्तर ठरलंच नसतं.

महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या बीजगणिताचं पहिलंच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचं आहे. ‘याचा उपयोग काय?’ असं विचारणाऱ्या मुलाला या चार खुणा दाखवाव्यात. दोन चलांच्या जागी आठ आले, पद्धत तीच राहिली, आणि त्या पद्धतीवरच समोरच्या भिंतीवर त्याचं नाव उमटतं आहे.

परभणीचं ऊन आणि तोच उजेड

या पेनाचा परभणीतला सर्वांत मोठा शत्रू म्हणजे ऊन. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, शाळा सकाळची होते आणि पूर्वेच्या खिडकीतून तिरपी उन्हं थेट भिंतीवर येतात. सूर्याच्या उजेडात अवरक्त भरपूर असतं. कॅमेऱ्याला मग पेनाच्या ठिपक्याशेजारी उन्हाचा भला मोठा पट्टा दिसतो आणि माऊस सैरभैर पळतो. जुन्या तारेच्या पिवळ्या बल्बचाही तोच त्रास. उपाय साधा आहे. फळ्याच्या भिंतीवर थेट ऊन येणार नाही अशी बाजू निवडायची, खिडकीला जाड पडदा लावायचा आणि वर्गात एलईडीचे दिवे ठेवायचे.

पण या अडचणीतच मोठा धडा आहे. अवरक्त किरणांचा शोध लागला तोच उन्हातून. १८०० साली इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेल याने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले आणि प्रत्येक रंगात तापमापी ठेवून पाहिली. लाल रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथली तापमापी सर्वांत वर चढली. दुर्बिणींचे आरसे स्वतःच्या हातांनी घासणाऱ्या आणि १७८१ मध्ये युरेनस शोधणाऱ्या या माणसाचा प्रयोग परभणीच्या कुठल्याही शाळेच्या ओट्यावर करता येतो. त्याला लागणारं ऊन आपल्याकडे कधीच कमी पडत नाही.

हाच उजेड परभणीच्या शेतातही काम करतो. हिरवंगार, निरोगी पान लाल उजेड शोषून घेतं आणि जवळचं अवरक्त मोठ्या प्रमाणात परत फेकतं. रोग पडला किंवा पाणी कमी झालं की हे गणित बदलतं, आणि डोळ्यांना पान पिवळं दिसण्याआधीच अवरक्त कॅमेऱ्याला तो बदल कळू शकतो. ड्रोनमधून पिकाची तब्येत पाहण्याची पद्धत यावरच उभी आहे. १९७२ मध्ये परभणीत स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठात, म्हणजे आजच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात, जागतिक बँक आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या अर्थसाहाय्याने यंत्रमानव आणि ड्रोन यांवर आधारित डिजिटल शेतीचा प्रकल्प चालला. पालम किंवा पाथरीच्या शाळेत ज्या लेकराने पेन केला, त्याला आपल्या बापाच्या सोयाबीनवर घिरट्या घालणाऱ्या ड्रोनचं कोडं पडत नाही. त्या उजेडाशी त्याची ओळख आधीच झालेली असते.

हाताने शिकण्याची आपली वाट

हाताने करून शिकण्याची कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाचा विचार मांडला. १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. वेल्डिंग, वायरिंग, शेती, कुक्कुटपालन करता करता ग्रामीण मुलं तिथे विज्ञान शिकू लागली, आणि अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने आपल्या आवाराबाहेरची पहिली ‘फॅब लॅब’, म्हणजे वस्तू घडवण्याची प्रयोगशाळा, २००२ मध्ये याच पाबळला उभी केली. पुण्यात ‘आयुका’ या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी करून दाखवली. अवरक्त पेन याच वाटेवरचा पुढचा मुक्काम आहे.

एवढं सांगितल्यावर एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. नुसता डिजिटल फळा लावल्याने मुलं हुशार होत नाहीत. लंडनमधल्या माध्यमिक शाळांत असे फळे मोठ्या प्रमाणावर बसवल्यावर तिथल्या विद्यापीठाच्या शिक्षणसंस्थेने २००७ मध्ये त्याचा अभ्यास केला, आणि पहिल्या वर्षात मुलांच्या गुणांवर त्याचा परिणाम झाल्याचं आढळलं नाही. मला हा निष्कर्ष आपल्यासाठी फार मोलाचा वाटतो. तयार फळ्यासमोर मूल प्रेक्षक म्हणून बसतं. पेन करताना त्याला विद्युतप्रवाह, प्रकाश, समीकरणं आणि संगणक यांच्याशी एकाच वेळी झगडावं लागतं. शिकणं त्या झगड्यातून होतं, भिंतीवर उमटणारी रेघ ही त्याची पावती असते.

म्हणून या वर्षी एवढं करता येईल. २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. तो आपण १९८७ पासून साजरा करतो. त्याच्या आधीच्या महिन्यात प्रत्येक केंद्रातल्या एका शाळेने गावातले बंद रिमोट आणि माऊस गोळा करावेत. केंद्रप्रमुखांनी शिक्षण परिषदेचं एक सत्र या पेनासाठी द्यावं. गावात टीव्ही-मोबाईल दुरुस्त करणारा जो कारागीर असेल त्याला सन्मानाने शाळेत बोलवावं आणि सोल्डरचा पहिला डाख मुलांना त्याच्याकडून शिकू द्यावा. प्रत्येक गटाने दोन पेन करावेत, एक आपल्या शाळेसाठी आणि एक शेजारच्या शाळेसाठी. सोबत अर्ध्या पानावर आकृती काढून द्यावी: कुठला पाय कुठे, सेल कोणता, बिघडला तर काय पाहायचं.

शाळेच्या साहित्य नोंदवहीत या पेनापुढे किमतीच्या रकान्यात फारसं काही लिहिता येणार नाही. शेजारी दुरुस्ती करणाऱ्याचं नाव मात्र लिहावं, आणि ते त्याच शाळेच्या हजेरीपटावरचं असावं. ज्या शाळेत हे घडेल, तिथला फळा लोकवर्गणी देणाऱ्या गावाला निराश करणार नाही.